पिवळा दोरा नसलेली वायर

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागच्या बाजूला, माझी खोली होती. दारावर 'प्रवेश निषिद्ध' अशी पाटी, आणि आत एसीची इतकी थंडी की मी मे महिन्यातही स्वेटर घालून बसायचो. बाहेर जबलपूर भाजून निघत असायचं आणि मी लोकरीच्या स्वेटरमध्ये चहा आणायला निघायचो. कॅन्टीनवाला ओरडायचा, "का बड्डे, शिमला से आ रहे हो?" बड्डे म्हणजे इकडचं 'दादा'. त्या खोलीत मी नऊ वर्षं नोकरी केली. तिथंच मी एका माणसाचं वाटोळं केलं. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

काम काय होतं ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खोलीत सर्व्हर तीनच होते, पण हॉस्पिटलचं काम करणाऱ्या मशीन अठरा. ओपीडीची नोंदणी करणारी एक, रक्ताचे रिपोर्ट ठेवणारी एक, एक्स-रेचे फोटो सांभाळणारी एक, अशा. या अठरा मशीन हाताला लागत नाहीत. त्या तीन लोखंडी डब्यांच्या आत नुसत्या चालत असतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. त्यांचा सगळा डेटा मात्र डिस्कांच्या वेगळ्या कपाटात. म्हणजे डोकं इकडे आणि आठवण तिकडे. मधला रस्ता तुटला की मशीन बधिर होते. चालू दिसते, पण तिला काही वाचता येत नाही, लिहिता येत नाही. म्हणून रस्ते दोन ठेवतात. दोन स्विच, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांच्या दोन चपट्या पेट्या, आणि दोन्हींकडून वेगळ्या वायरी. एक स्विच मेला तर सगळी ये-जा आपोआप दुसऱ्यावरून सुरू होते आणि वर ओपीडीत बसलेल्या बाईला पत्ताही लागत नाही. याला फेलओव्हर म्हणतात. तो वेळ पडल्यावर होईल की नाही, हे पाहणं माझं काम होतं. दर महिन्याला एका तक्त्यात लिहायचं: दोन्ही रस्ते तपासले, ठीक. खाली सही.

काका हॉस्पिटलचे इलेक्ट्रिशियन. फॅक्टरीतून निवृत्त होऊन आलेले. जबलपूरमध्ये 'फॅक्टरी' म्हटलं की बंदुका-तोफगोळ्यांचीच, वेगळं सांगावं लागत नाही. पस्तीस वर्षं तिथं मोठ्या मोटारी आणि पॅनेल सांभाळली, आणि एकही मेमो नाही, हे ते पहिल्या भेटीतच सांगायचे. माझ्या पहिल्या आठवड्यात ते एसी पाहायला आले. मी फोनवर बायकोशी बोलत होतो. स्क्रू तोंडात धरूनच ते म्हणाले, "मराठी काय तुम्ही? मग आतापर्यंत हिंदी काहून झाडून राहिले होते माझ्याशी?"

तेव्हापासून ते काका आणि मी भाऊ. ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी 'अहो-जाहो' सोडलं नाही. रोज अकराच्या सुमारास यायचे, एसीच्या झोतात दोन मिनिटं उभे राहायचे आणि टोमणा मारायचे. "अठरा मशीन आहेत म्हणता, दिसत तर एकही नाही. मग दिवसभर पाहून काय राहिले तुम्ही?" मी म्हणायचो, "काका, करंट तरी कुठं दिसतो?" त्यावर ते हसायचे. "दिसत नाही, पण हात लावला की समजते. तुमच्या मशीनला हात लावायची सोयच नाही."

सप्टेंबरातली विश्वकर्मा पूजा आमच्या खोलीत त्यांनी आणली. फॅक्टरीत त्या दिवशी प्रत्येक यंत्र थांबतं, पुसलं जातं, त्याला हळदकुंकू लागतं. काकांना त्यात तडजोड मान्य नव्हती. चालत्या यंत्राची पूजा करायची नाही, आधी त्याला विसावा द्यायचा. मी सांगितलं की इथं काही बंद करता येणार नाही, वर रुग्ण असतात. त्यांनी स्विचच्या रॅककडे बघत थोडा विचार केला.

"दोन रस्ते आहेत म्हणता ना? मग एकाले सुट्टी द्या, दुसरा काम करेल. मग पाळी बदला. आमच्या शिफ्टसारखं."

गंमत म्हणजे हीच खरी चाचणी होती. कागदोपत्री ती दर तीन महिन्यांनी व्हायची. प्रत्यक्षात चालू हॉस्पिटलमध्ये स्विच बंद करायची हिंमत माझ्यात नव्हती. काकांच्या पूजेमुळे वर्षातून एकदा का होईना, ती व्हायला लागली. पहिला स्विच बंद करायचा, ब्रशनं धूळ झटकायची, बोट टेकवून हळदकुंकू, फूल, स्विच चालू. सगळे दिवे परत हिरवे झाले की दुसरा. तीन वर्षं एकदाही काही अडलं नाही. वायरी सगळ्या एकाच निळसर रंगाच्या, म्हणून काकांनी पहिल्या स्विचच्या वायरींना मौली, म्हणजे पूजेचा लाल दोरा, बांधली आणि दुसऱ्याच्या वायरींना हळदीचा पिवळा दोरा. दरवर्षी जुना दोरा सोडून नवा बांधायचे. मी छापील लेबलं लावली होती, ती एसीच्या ओलीनं सुटून पडायची. दोरे टिकायचे.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत, एका दुपारी, दुसऱ्या स्विचचा एक पोर्ट मेला. नेमका तोच, जिथं डिस्कांच्या कपाटाकडून येणारी वायर लागायची. स्क्रीनवर निम्मे रस्ते लाल. बदली भाग अंगठ्याएवढा असतो, पण तो माझ्याकडे नव्हता, मागवावा लागणार होता. तोवर ते लाल दिसणं मला नको होतं, कारण तो स्क्रीन साहेबही पाहायचे. साहेब म्हणजे हॉस्पिटलचे प्रशासक. मी ती वायर उपटली आणि पहिल्या स्विचच्या एका रिकाम्या भोकात खोचली. स्क्रीन परत हिरवा. प्रत्येक मशीनपुढे पुन्हा दोन रस्ते.

स्क्रीन रस्ते मोजतो. ते कुठून जातात हे बघायला माणूस ठेवलेला असतो, आणि तो मी होतो. आमच्या मदन महलच्या गल्लीतून बाहेर पडायला दोन वाटा होत्या, आणि दोन्ही पुढे जाऊन रेल्वेच्या एकाच फाटकाशी मिळायच्या. फाटक पडलं की दोन्ही वाटा असून तुम्ही घरातच. मी हॉस्पिटलला तसं करून ठेवलं. दोन्ही रस्ते आता पहिल्या स्विचमधूनच जात होते. दुसरा स्विच नुसता दिवे लावून बसलेला.

हे तात्पुरतं होतं. इथवर कोणीही करेल. पण त्या वायरीला पिवळा दोरा होता आणि ती आता लाल दोऱ्यांच्या रांगेत दिसत होती. काका अकरा वाजता येणार, बघणार, विचारणार. मी कात्री घेतली आणि तो दोरा कापला.

तीन आठवड्यांनी भाग आला. लावायला दहा मिनिटं पुरली असती. पण लावायचा म्हणजे साहेबांची परवानगी, नोंद, आणि 'तीन आठवडे एकच रस्ता होता' हे लिहिणं. मी तो भाग प्लास्टिकच्या डबीसकट ड्रॉवरमध्ये ठेवला. कापलेला दोराही त्याच डबीत टाकला, का ते माहीत नाही. मार्चच्या तक्त्यावर सही केली. मग एप्रिलच्या. ऑगस्टपर्यंत मला खरंच आठवेनासं झालं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

ते खरं नाही. पूजेच्या दिवशी सकाळी मला आठवलं. फुलं आणि नारळ आणायला मी ओमतीच्या बाजारात गेलो होतो. दुकानदारानं पुडीत हळदीच्या दोऱ्याची गुंडी टाकली आणि मला ड्रॉवरमधली डबी आठवली. स्कूटर काढली आणि सिग्नल न बघता हॉस्पिटल गाठलं. दहा मिनिटांचं काम होतं, पूजा साडेदहाला, आता दहा वाजत होते. खोलीचं दार उघडलं तर साहेब बूट काढून आत उभे. त्या वर्षी त्यांना फोटो काढून हॉस्पिटलच्या पानावर टाकायचे होते, म्हणून लवकर आलेले. सोबत दोन नर्स, लॅबचे दोघं. काका पितळेची ताटली घेऊन तयार. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातलेले.

मी म्हणू शकलो असतो, "पाच मिनिटं थांबा." साहेबांनी विचारलं असतं, का. मी हिशेब केला. रस्ता गेला तरी मशीन लगेच पडत नाहीत, मिनिटभर तरी श्वास धरून थांबतात. काकांचं हळदकुंकू मिनिटाच्या आत उरकतं. कोणाला कळणार नाही. दुसऱ्या स्विचची पाळी यायच्या आत कसंतरी निभावू.

एक गोष्ट मी विसरलो. बटण दाबल्यावर स्विच लगेच जागा होत नाही. चार-साडेचार मिनिटं तो स्वतःलाच तपासत बसतो. दरवर्षी ती मिनिटं आमच्या गप्पांत निघून जायची, कारण दुसरा रस्ता वाहत असायचा.

काकांनी उजवा हात पहिल्या स्विचच्या मागच्या बटणावर ठेवला. डाव्या हातात ताटली. मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"करू?"

"करा," मी म्हणालो.

पहिला फोन ओपीडीचा आला, दुसरा लॅबचा. तिसरा वाजला तेव्हा साहेबांच्या हातात अजून न फोडलेला नारळ होता. "क्या हुआ?" ते विचारत होते. स्विचचा दिवा नारिंगी लुकलुकत होता. अठरा मशीन एकेक करत गोठल्या. मी ओरडलो, "सब लोग बाहर!" काका हलले नाहीत, त्यांना वाटलं मदत लागेल. मी म्हणालो, "काका, तुम्ही पण. बाहेर थांबा जरा."

दार लावलं. ड्रॉवर उघडला, डबीतला भाग काढला, दुसऱ्या स्विचमध्ये बसवला, वायर उपटून तिच्या जुन्या जागी लावली. मग दोन्ही स्विच एकदम बंद करून पुन्हा चालू केले. त्या वेळी मी मनाशी म्हटलं, सगळं ताजं सुरू होऊ दे. खरं कारण हे की मग दोन्हींच्या नोंदीत 'बंद झाला' असं दिसणार होतं. दोन स्विचांची घड्याळं मी कधी एकमेकांशी जुळवली नव्हती, त्यामुळे कोणता कधी बंद झाला हेही कोणाला सांगता येणार नव्हतं. माझा जुना आळस माझ्या कामी आला. दाराच्या काचेतून काका दिसत होते. हळदीची बोटं शर्टाला लागू नयेत म्हणून हात अंगापासून दूर धरून उभे होते.

सगळं परत उभं करायला तीन दिवस गेले. बऱ्याच मशीन उठल्या. एक्स-रेच्या मशीनचं लिखाण मधेच तुटलं होतं, तिचे दोन दिवसांचे फोटो गेले ते गेलेच. प्लास्टर घातलेल्या मुलाला कडेवर घेऊन एक बाई पुन्हा एक्स-रे काढायला सबंध दिवस बाकावर बसली होती. माझ्या खोलीकडे जाणारा बोळ तिथूनच जायचा. दिवसभरात मी तिच्या समोरून किती वेळा गेलो असेन. दर वेळी तिनं पाय आत घेतले.

चौकशी साहेबांच्या केबिनमध्ये झाली. बाहेरून एक जाणकार बोलावला होता. त्यानं खोली पाहिली. वायरी जागच्या जागी, दोन्ही रस्ते ठीक, माझ्या सहीचे तक्ते ठीक. मग पडलं कसं? दोन्ही स्विच एका वेळी बंद झाले तरच असं होऊ शकतं, तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. त्याला जे दाखवलं त्यावरून दुसरं काही निघतच नव्हतं.

"आपने दोनों बंद किए?" साहेबांनी काकांना विचारलं.

"नहीं साहब. एक."

"याद करके बोलिए."

"एक ही किया साहब. पैंतीस साल यही काम किया है।" मग काका जरा पुढे झुकले. "साहब, एक बात है. पिछले साल मैंने हर तार पे धागा बाँधा था. आज देखा तो दूसरे स्विच के एक तार पे धागा नहीं है।"

तो जाणकार हसला. "अब धागे से जाँच होगी, दादा?" साहेबही हसले. मीही ओठ ताणले. त्या केबिनमधला एकमेव पुरावा काकांनी शोधला होता आणि आम्ही तिघं त्यावर हसलो.

मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम तो वहीं थे. तुमने देखा?"

"मेरी पीठ थी, सर," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना तेव्हा संशय आला नसावा. माझी पाठ नव्हती, मीच 'करा' म्हणालो होतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. गडबडीत मी विसरलो असेन असं समजले असतील. कामावर दुसऱ्याला उघडं पाडायचं नाही, ही त्यांची फॅक्टरीची रीत.

आठवड्याच्या आत त्यांना कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द होता. पस्तीस वर्षं आणि वर ही चार, त्यात आलेला पहिला असा शब्द. मला निराळं पत्र मिळालं, तीन दिवसांत यंत्रणा उभी केल्याबद्दल शाबासकीचं. ते मी फाईलला लावलं.

टेस्टर आणि पक्कड घ्यायला काका माझ्या खोलीत आले. अकरा वाजले होते. एसीच्या झोतात सवयीनं उभे राहिले.

"भाऊ, मी एकच बंद केला ना?"

आवाजात तक्रार नव्हती. ते खरंच विचारत होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. त्यानं चौकशीचं काही बदललं नसतं, त्यांची नोकरी परत आली नसती, माझं काही गेलं नसतं. पण तेवढं म्हटलं तर बाकीचंही म्हणावं लागेल असं मला वाटलं, आणि मी म्हणालो:

"काका, गडबडीत होतं कधी कधी."

त्यांनी एकदा स्विचकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाले. "चलो मग." आणि गेले.

वायर, तक्ते, केबिनमधलं खोटं, हे सगळं भीतीपोटी झालं आणि त्याला मी मनात काही ना काही सबबी देऊ शकतो. या एका वाक्याला देऊ शकत नाही.

पूजा बंद पडली, म्हणजे चाचणीही बंद पडली. पुढची वर्षं मी न तपासता सह्या करत राहिलो आणि नशिबानं काही पडलं नाही. मधे कोरोना येऊन गेला. मग हॉस्पिटलनं सगळा डेटा बाहेरच्या मोठ्या कंपनीकडे हलवला आणि आमची खोली रिकामी केली. आता तिथं सलाइनच्या पेट्या ठेवतात. मी दुसरीकडे लागलो. ड्रॉवर आवरताना ती डबी सापडली, दोरा तिच्यात तसाच होता. मी ती घरी आणली आणि बायकोला दिसणार नाही अशी ठेवली.

मागच्या गणपतीत आमच्या मराठी मंडळींच्या उत्सवाला बायको एकटी गेली. तिथली रोषणाई वर्षानुवर्षं काका करायचे. परत आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "ते तुमच्या हॉस्पिटलमधले काका आठवतात? त्यांच्या बायकोशी भेट झाली आज. ते म्हणे घरातला दिवासुद्धा लावत नाहीत आता. बटणाला हातच लावत नाहीत. त्या म्हणाल्या, 'माझ्या हातून दोन्ही बंद होतील,' असं ते म्हणतात. दोन्ही म्हणजे काय हो?"

मी तिला सांगितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी तिला इतकं लांब कधी काही सांगितलं नव्हतं. सकाळी डबा देताना ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

मी आधी हॉस्पिटलला अर्ज दिला. वाटलं, कागद हातात घेऊन जावं. साहेब बदललेले होते. नव्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "कौन से स्विच? वो सब तो कबाड़ में गया. ये दादा अब हमारे यहाँ हैं भी नहीं. आप चाहते क्या हैं?" मी म्हणालो, ते पत्र रद्द व्हावं. फाईलच नाही, ते म्हणाले. जी फाईल नाही त्यातलं पत्र रद्द कसं करायचं, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी चहा मागवला.

मग एका रविवारी कागदाशिवायच, डबी खिशात घालून, महाराजपुरला काकांकडे गेलो. कॉलनीच्या शेवटच्या रांगेत घर. काका पडवीत खुर्चीवर बसले होते. माणूस आटला होता, पण आवाज तोच.

"या भाऊ! आज रस्ता चुकले काय?"

काकूंनी पाणी दिलं, माझ्याकडे नीट न बघता आत गेल्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं. फेब्रुवारी, पोर्ट, वायर, कात्री, ओमती, साहेबांचे बूट. डबी उघडून दोरा त्यांच्या हातावर ठेवला. ते मान खाली घालून ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी दोरा बोटांत फिरवला आणि परत दिला.

"हळदीचा दोरा तर कुठंही मिळते, भाऊ. ओमतीत गुंड्याच्या गुंड्या."

"काका, हा तुम्ही बांधलेला आहे. तुम्ही एकच स्विच बंद केला होता. चूक माझी होती."

ते माझ्याकडे बघून हसले, आजारी माणूस भेटायला आलेल्याकडे बघून हसतो तसे. "तुम्ही भले माणूस. इतक्या वर्षांनी एवढ्या दूर कोणी येत नाही. पण मी फार विचार केला त्याच्यावर. ताटली डाव्या हातात होती ना माझ्या? वळलो तेव्हा कोपर लागलं असेल दुसऱ्या बटणाले. समजलंच नाही. वय झालं होतं."

"नाही लागलं, काका. मी बघत होतो."

"तुमची पाठ होती," ते समजुतीनं म्हणाले. "गडबडीत होतं कधी कधी. तुम्हीच तर म्हणाले होते."

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. ते म्हणाले, "चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

निघालो तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या.

"मी ऐकलं सगळं आतून. माझा विश्वास आहे तुमच्यावर. म्हणजे हे तुम्हीच केलं, याच्यावर."

मी मान हलवली.

"काहून आले आता? सांगून मोकळं व्हायला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "हे सात वर्षांपासून स्वतःले उलटं सांगून राहिले. रोज. तुमचं एकदाचं सांगणं त्याच्यासमोर काय टिकेल? मोकळे व्हायला आले असाल तर पुन्हा येऊ नका. नाहीतर मग येत राहा, आणि दर वेळी हेच सांगा."

तेव्हापासून दर रविवारी जातो. आठ महिने झाले. सांगतो. शब्द आता पाठ झाल्यासारखे येतात, आणि त्यामुळे ते मलाच खोटे वाटायला लागलेत. काकांना ते कसे खरे वाटावेत? ते ऐकतात, भला माणूस म्हणतात, विषय बदलतात. एकदा काकूंना म्हणाले, "यांचं मन लागत नाही बिचाऱ्यांचं, म्हणून येतात." आधी मला वाटायचं, कधीतरी एखादा तपशील नेमका लागेल आणि त्यांना तो दिवस जसा होता तसा दिसेल. आता तसं वाटत नाही. मी जातो, एवढंच.

मागच्या रविवारी ऊन फार होतं. काकू बाजारात गेल्या होत्या. पडवीतला कूलर घरघरत होता आणि एकाएकी जळका वास यायला लागला. पंप कोरडा पडला असावा. बोर्ड काकांच्या खांद्यामागेच होता. त्यावर दोन बटणं, एक कूलरचं, एक पंख्याचं. माझ्यापेक्षा त्यांच्या नाकाला आधी कळलं असणार, पस्तीस वर्षं मोटारींत गेलेली. त्यांचा हात आपोआप वर गेला, बटणापाशी थांबला. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"करू?"

"करा, काका," मी म्हणालो.

हात तसाच होता. वास वाढत चालला. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मांडीवर दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"तुम्हीच करा, भाऊ."

मी उठलो, त्यांच्या खांद्यावरून हात घालून कूलर बंद केला. घरघर थांबली.

"एकच केलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका. एकच."

त्यांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता. तरी ते बराच वेळ बघत राहिले.